पुढच्या झाकणाखालचं मीठ

१

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संचिताला गाडीच्या पुढच्या झाकणाखाली मीठ सापडलं. चमचाभर खडेमीठ, शेजारी एक झेंडू आणि बोटाने लावलेला हळदीचा ठिपका.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पूजेचं राहिलं असेल. संचिता तसं म्हणू शकत नव्हती. गेल्या शनिवारीही याच जागी मीठ होतं आणि तिने ते स्वतःच्या हाताने पुसून काढलं होतं. शिवाय या गाडीची एकुलती एक चावी आज सकाळपासून तिच्याच पर्समध्ये होती. ती मुद्दाम तिने ठेवली होती, क्लासला निघताना झाकणाखालची जागा रिकामी असल्याचं पाहूनच.

ओढणीचं टोक धरून चार वर्षांची सान्वी उभी होती, नाचाच्या क्लासच्या घुंगरांसकट.

"मम्मा, टक सापडली?"

"नाही गं. तू हात लावू नकोस तिथे."

तिने झाकण लावलं, फोटो आधीच काढून झाला होता. सान्वीला कडेवर घेऊन ती लिफ्टकडे निघाली. बी.एस्सी. झालेल्या बाईने करणीबिरणी मानू नये, हे तिला कळत होतं. पण ज्या गाडीत उद्या आपली पोर बसणार, तिच्यात कुणीतरी दर आठवड्याला येऊन मीठ-हळद ठेवून जातंय, याला काय मानायचं?

आणि एक गोष्ट मात्र आता नक्की होती. या गाडीची दुसरी चावी बाहेर कुणाच्या तरी हातात होती.

२

गाडी येऊन अजून तीन आठवडेही झाले नव्हते. निळीशार, दोन दारांची, जमिनीवर पोट टेकून बसल्यासारखी बसकी परदेशी स्पोर्ट्‌स कार. मागे दोन सीट, पण त्यांवर सान्वीएवढंच माणूस मावावं. निकेतने कॉलेजात असल्यापासून तिचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. नवी घेणं या जन्मात जमणारं नव्हतं, म्हणून सेकंडहँड. नीलेश नावाच्या दलालाने ती मिळवून दिली होती. "नाशिकच्या डॉक्टरची गाडी, साहेब. घरातल्या मुलीसारखी सांभाळलेली. दुसरी चावी तेवढी हरवलीये."

भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या त्यांच्या सोसायटीत ती शिरली तेव्हा आवाजानेच चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. सेक्रेटरी योगेंद्रजी पहिल्या मजल्यावरच राहायचे. त्यांनी वरूनच फर्मावलं, "निकेतभाई, मुँह उधर दीवार की तरफ करो. वरना इंजिन की गरमी सीधा मेरे बेडरूम में आएगी." निकेतने हसू दाबत गाडीचं तोंड भिंतीकडे केलं.

मग पूजा. संचिताच्या सासूबाई, सावित्रीबाई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वाकू शकत नव्हत्या, तरी संचिताचा खांदा धरून त्यांनी पुढच्या झाकणावर स्वस्तिक काढलं, इंजिनाची म्हणून त्यावरच हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. वॉचमन शिवाने नारळ फोडला. सगळ्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या.

जेवताना निकेत म्हणाला, "आई, एक सांगू? तिथे इंजिन नाहीच. या गाडीचं इंजिन मागे असतं. पुढे नुसती सामानाची जागा."

"मग मी पूजा कसली केली? बॅगांची?"

"सगळ्यांसमोर कसं सांगणार होतो?"

"न सांगितलंस तेच बरं. जगाला कळलं तर हसतील."

तेव्हापासून ही गोष्ट घरातल्या तिघांपलीकडे गेली नव्हती.

टक मात्र सगळ्यांना माहीत झाली होती. स्पीडब्रेकर आला की गाडीच्या पुढच्या भागातून एक आवाज यायचा. टक. एकदाच, आणि बोटाने दारावर वाजवल्यासारखा. मेकॅनिकने दोनदा गाडी वर चढवून चाकांमागचा एकेक नट हलवून पाहिला. "सब टाइट है साब. आवाज आगे से आता है, पर आगे कुछ ढीला नहीं." निकेत घरभर तोंडाने तो आवाज काढून दाखवायचा, हुबेहूब तसा येईपर्यंत, आणि सान्वीही त्याच्यामागून "टक, टक" करत फिरायची. संचिताने मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं, टक सापडेपर्यंत सान्वी या गाडीत बसणार नाही. निकेत रोज मेट्रोने ऑफिसला जायचा, रविवारी एकटाच गाडी फिरवून आणायचा, आणि परत आल्यावर तोंड पाडून सांगायचा, "आहे अजून."

आणि आता हे मीठ.

गेल्या शनिवारी तिचा पहिला संशय गेला होता तो सासूबाईंवर. त्या दृष्ट काढतात, मीठ-मोहऱ्या ओवाळतात. तिने आडून विचारलं तेव्हा सावित्रीबाई फणकारल्या होत्या. "मी माणसावरून ओवाळते आणि चुलीत टाकते. गाडीत मीठ टाकून तिला गंज चढवू का?"

म्हणून आज चावी पर्समध्ये होती. सासूबाई सुटल्या, निकेतही सुटला. घराबाहेरच्या माणसाचं काम.

संचिताने तो जवळून काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्या बंद गाडीत, पुढच्या झाकणाखाली, कोणीतरी दर शनिवारी हे ठेवून जातंय. घरात लहान मूल आहे. वॉचमन गेटवर काय करतो?"

वाक्य पुन्हा वाचायला तिने दोन मिनिटं घेतली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं.

३

संध्याकाळी योगेंद्रजींचं उत्तर आलं. कॅमेऱ्याचं फुटेज त्यांनी स्वतः पाहिलं होतं, गाडीचा भिंतीकडचा भाग तेवढा त्यात येत नव्हता. शनिवारी दहा ते अकरा बाहेरचं कुणीही आत आलं नव्हतं, पण शिवा गाडीच्या बाजूने तीनदा गेला होता. पुढच्या रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये मीटिंग. विषय एकच, वॉचमन बदलणे. खाली एकवीस अंगठे.

सोमवारी सकाळी संचिता गेटवर गेली तेव्हा शिवा उभा राहिला, पण रोजच्यासारखा हसला नाही.

"मॅडम, मी त्या बाजूने पाण्याचा व्हॉल्व फिरवायला जातो. शनिवारी टाकी धुतात. विचारा कुणालाही."

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं शिवा."

"वॉचमन एकच आहे मॅडम."

पंपाच्या खोलीच्या दारात त्याच्या बायकोने, दिव्याने, शाळेचा गणवेश वाळत घातला होता. नोकरी गेली की ती खोलीही जाणार आणि पोरीची शाळाही, हे सांगायची शिवाला गरज पडली नाही.

"दहा ते अकरा कोण कोण आलं होतं?"

"परकं कुणीच नाही. वहीत बघा." वही कोरी होती. तो थोडं थांबून म्हणाला, "एक विचारू? इंजिनात फुलं टाकून कुणाला काय मिळणार? गरम होऊन जळतील ना. टाकणारा येडाच असेल."

संचिताने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो भाबडेपणानेच बोलत होता.

जिन्यात योगेंद्रजी भेटले. गाडीच्या आवाजाने त्यांची दुपारची झोप मोडते, अशी तक्रार त्यांनी दोनदा लेखी दिली होती. संशयाला जागा होती.

"योगेंद्रजी, खरं सांगा, आमची गाडी इथून जावी असं तुम्हाला वाटतं ना?"

"बिलकुल लगता है," ते शांतपणे म्हणाले. "पण मॅडम, मला काय करायचं असेल तर मी नोटीस देतो, नमक नहीं डालता. आणि आता मला त्रास पण नाही. इंजिन दीवार की तरफ है, खिडकी ठंडी रहती है."

इंजिन बरोबर त्यांच्या खिडकीखाली होतं. संचिताने काही सांगितलं नाही. सान्वीच्या तापाच्या आणि औषधांच्या नोंदींची एक जुनी वही तिच्याकडे होती. घरी येऊन तिने त्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. शिवा, झाकणाखाली इंजिन आहे असं समजतो. योगेंद्रजी, तेच समजतात. ज्याला तिथे इंजिन आहे असं वाटतं तो तिथे फुलं-मीठ ठेवणार नाही.

मग इंजिन मागे आहे, हे बाहेरच्या कुणाला माहीत होतं?

एकच नाव पुढे आलं. नीलेश. आणि चाव्यांचा व्यवहारही त्यानेच केला होता.

४

"ताई, मी गेले दोन शनिवार सुरतेत आहे," नीलेश फोनवर म्हणाला. मागे खरंच कुणीतरी गुजरातीत भाव करत होतं. "आणि आलो असतो तर तुमच्या वॉचमनने वहीत सही घेतल्याशिवाय सोडलं असतं का? मागच्या खेपेला त्याने माझं आधार कार्ड मागितलं."

हे खरं होतं. शिवाने त्यावरून निकेतची बोलणीही खाल्ली होती.

"मग दुसरी चावी कुठे आहे?"

"हरवली, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांनाही एकच मिळाली होती. आधीच्याने हरवलेली."

संचिता गॅसजवळ उभी होती. दूध वर आलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आधीच्याने? डॉक्टरच्या आधी कुणी होतं?"

"ताई, निकेतसाहेबांना माहीत आहे. आरसी बुकात आहे ना."

तिने फोन ठेवला आणि कपाटातून आरसी बुक काढलं. त्यात स्पष्ट छापलं होतं, मालक क्रमांक तीन.

निकेत घरी आला तेव्हा ते पुस्तक टेबलावर उघडं होतं. तो बूट काढता काढता थांबला.

"सांगणार होतो."

"कधी? सान्वी मागे बसल्यावर?"

"अगं, आधीच मला टकबद्दल इतकं ऐकावं लागलं. तिसरे मालक म्हटलं असतं तर तू गाडी गेटातून आत येऊ दिली नसतीस. डॉक्टरने चार महिनेच ठेवली होती, त्यातले तीन गॅरेजमध्ये झाकून. त्याच्या आधीचा पहिला मालक. अपघात वगैरे नाही, मी तीनदा तपासलंय. आईची शपथ."

"शपथ नको. पहिला मालक कोण?"

"नाव आठवत नाही. इकडचाच होता म्हणे. राईचा. जमीन बिल्डरला दिली आणि ही घेतली. मग पुढे जमलं नाही."

राई म्हणजे भाईंदरपलीकडे, खाडीकाठी. गाडी नाशिकला जाऊन फिरून जवळजवळ आपल्या घरीच आली होती. सावित्रीबाई देवघरातून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "राईहून तर आपल्याकडे कुणी येत नाही."

संचिताला त्या क्षणी काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण नेमकं काय, ते हाती लागेना. सान्वी वहीवर पट्टीने टक टक वाजवत होती.

५

गुरुवारी दुपारी सान्वी झोपली तेव्हा संचिताने वही उघडली आणि पहिल्या दिवसापासून आठवायला सुरुवात केली. डॉक्टर बाळाचं दुखणं विचारतात तेव्हा ती सांगायची तसं. आधी काय झालं, मग काय, कधी, किती.

गाडी गुरुवारी आली. शुक्रवारी काही नाही. शनिवारी सकाळी पावणेदहाला ती, सान्वी आणि सासूबाई खाली उतरल्या, तेव्हा गोदूबाई लिंबू-मिरच्या बांधत होती. दर शनिवारी येणारी, साठीची, कासोटा मारलेली, टोपलीत सुतात ओवलेली लिंबं-मिरच्या घेऊन दुकानं आणि सोसायट्या फिरणारी. योगेंद्रजींच्या गाडीला पुढे, सोसायटीतल्या डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरला पुढे. निळ्या गाडीपाशी आली तेव्हा मात्र ती बराच वेळ नंबर बघत उभी राहिली. मग वाकून तिने मागच्या नंबरप्लेटला लिंबू बांधलं.

"अहो गोदूबाई, मागे काय बांधताय?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "नजर पुढून लागते."

"पुडं जमिनीला टेकल, बाय. लय बसकी हाय. मागंच बरं."

आणि जाताना तिने भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत शिरून पुढच्या झाकणाला दोन्ही हात लावले आणि कपाळाला टेकवले. तेव्हा तिघींनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

संचिता सान्वीची पट्टी घेऊन खाली गेली. मागची नंबरप्लेट जमिनीपासून दीड पट्टी. पुढची त्याहून दोन बोटं उंच. पुढे बांधलं असतं तर लिंबू टेकलं नसतं. गोदूबाईचं कारण खोटं होतं.

लिंबू इंजिनाला बांधतात. सगळ्या सोसायटीने हार, स्वस्तिक, नारळ पुढे केलं होतं. सासूबाईंनी तर सामानाच्या जागेची पूजा केली होती. न विचारता, न चुकता इंजिनापाशी गेलेलं माणूस एकच होतं. आणि पुढे तिने बांधलं काहीच नाही, नुसता नमस्कार केला.

ती तशीच योगेंद्रजींच्या दारात गेली.

"फुटेजमध्ये गोदूबाई होती का?"

"वो तो होगी ही. शनिवार था ना."

"तुम्ही म्हणालात कुणी आलं नाही."

योगेंद्रजींनी चष्मा काढला. "मॅडम, गोदूबाई म्हणजे कुणी येणं होतं का?"

शिवानेही तिचं नाव सांगितलं नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता. परकं कुणी आलं नव्हतंच.

"ती राहते कुठे, माहीत आहे?"

"राई से आती है शायद. पहली बस से."

६

शनिवारी साडेनऊला सासूबाई सान्वीला घेऊन रिक्षाने क्लासला गेल्या. निकेतला संचिताने पार्किंगच्या खांबामागे उभं केलं आणि स्वतः गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली, हनुवटीला गुडघे लावून, आतून कुलूप घालून. काळ्या काचांतून बाहेरचं दिसत होतं, बाहेरून आतलं नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी मागे नंबरप्लेटपाशी सूत बांधल्याची खुडबूड झाली. मग पावलं फटीतून पुढे आली. एक बारीक 'टिक' वाजली आणि तिच्या डोळ्यांसमोर गाडीचं पुढचं झाकण वर झालं. समोरची सगळी काच झाकली गेली. आता फक्त ऐकू येत होतं.

काहीतरी जड सरकलं. गालिचाखालचं. मग दगडावर दगड टेकावा तसा आवाज झाला.

टक.

तीन आठवडे निकेत घरभर जो आवाज काढत फिरला होता, तोच हा.

"घे," पलीकडून गोदूबाईचा आवाज आला, हळू, नातवाला भरवताना असतो तसा. "तुजं मीठ तू घे. आमचा भात आमाला ठेव."

संचिता दार उघडून बाहेर आली. पाय मुंग्यांनी भरले होते. गोदूबाईने मान वर केली, पण ती पळाली नाही. तिच्या हातात चावी होती आणि झाकणाखालच्या खोलगट जागेत, उचललेल्या गालिचाखाली, लाल फडक्यात एक गुळगुळीत काळा दगड बसला होता. नारळाएवढा. शेंदराने माखलेला.

"आधी ही गाडी तुमची होती," संचिता म्हणाली.

"माज्या रघूची," गोदूबाई म्हणाली. "गाडी न्हाय ती, बाय. आमचं शेत हाय ते."

खांबामागून निकेत पुढे आला होता. त्याला बघून ती झाकणाच्या आडोशाला सरकली आणि मग, सुरू झाल्यावर, थांबली नाही. खाजणातलं शेत होतं, खाडीला लागून. खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि बांधावर हा देव. त्याला दर शनिवारी मीठ. समुद्राला त्याचं मीठ मिळालं की तो शेतात शिरत नाही, ही त्यांच्या घरची रीत. मग जमीन गेली आणि ही गाडी आली. देवाचं काय करायचं? रघू म्हणाला, बांधावर आता दिवा कोण लावणार, शेताची गाडी झालीय तर देवही गाडीतच राहू दे. तिलाही ते पटलं. पुढे एक दिवस न सांगता रघूने देवासकट गाडी विकली. मीठ ठेवायला म्हणून दुसरी चावी तिच्याकडे होती, ती हरवली असं त्याने घेणाऱ्याला सांगितलं.

"मी म्हनलं देव गेला. आन् त्या शनवारी हितं आले तर गाडी उभी. नंबर वाचता येत न्हाय मना, पन आकडं वळकते. नाशिकपतूर जाऊन आपल्या पायानं परत आला."

"मग घेऊन का नाही गेलात?" निकेतने विचारलं. "चावी होती तुमच्याकडे."

गोदूबाईने त्याच्याकडे असं पाहिलं जसं त्याने काहीतरी फार पोरकट विचारलं असावं.

"देव जागेवरून हलवायचा तर जागेच्या धन्याचा शबूद लागतो. धनी तुमी."

"मग विचारायचं."

"काय म्हनून? तुमच्या गाडीची चावी माज्याकडं हाय म्हनून? चोराची आई म्हनला असता." तिने चावी पुसली आणि संचिताच्या हातावर ठेवली. "म्हनलं, हाय तितं जेवू घालू."

संचिताला शिवा आठवला. वाळत घातलेला गणवेश आठवला. चोरी न करण्याची एवढी काळजी घेणाऱ्या बाईमुळे एका माणसाची नोकरी चालली होती, आणि तो संदेश लिहिणारी ती स्वतः होती.

"गोदूबाई, बांध राहिलाय का थोडा तरी?"

"खाडीच्या अंगाला. तिवरांच्या झाडीत. दहा पावलं असंल."

संचिताने निकेतकडे पाहिलं. निकेत त्या दगडाकडे बघत होता. ज्याच्यासाठी त्याने गाडी दोनदा मेकॅनिककडे वर चढवली, ते इथे लाल फडक्यात बसलं होतं.

"धन्याचा शब्द आहे," तो म्हणाला. "उद्या आम्हीच नेऊन सोडतो."

७

रविवारी अकराला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. शिवा गेटपाशीच उभा राहिला. बोलावलं तरी तो आत आला नाही.

संचिता उठली.

"ज्यांनी मीठ ठेवलं ते माणूस सापडलं. चोर नाही. आमच्या गाडीशी त्यांचं जुनं नातं होतं, ते मला माहीत नव्हतं. दुसरी चावी आता माझ्याकडे आली आहे." तिने चावी वर धरली. "शिवाचा यात काही संबंध नाही. मी घाईत लिहिलं. सगळ्यांसमोर लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर शिवाची माफी मागते."

"ठीक है," योगेंद्रजी म्हणाले, "पण नाव तर सांगावं लागेल. कमिटी को मालूम होना चाहिए. उसने आपके इंजिन में हाथ डाला है."

संचिता बोलायच्या आत सावित्रीबाई खुर्चीतून म्हणाल्या, "योगेंद्रजी, नाव सांगते. आधी तुम्ही इंजिन कुठे आहे ते दाखवा."

योगेंद्रजींनी भिंतीकडच्या टोकाकडे हात केला. आणखी दहा-बारा हात तिकडेच गेले. निकेतने मागचं झाकण उघडलं. त्यांच्या बेडरूमच्या खिडकीच्या बरोब्बर खाली.

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग सगळेच. योगेंद्रजींनी खिडकीकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं आणि शेवटी तेही हसले. "महिना भर ठंडी हवा आई मुझे," ते म्हणाले. नावाचा विषय तिथेच बुडाला. शिवा गेटवरून बघत होता. संचिता चहाचा कप घेऊन स्वतः त्याच्याकडे गेली. त्याने तो घेतला, पण हसला नाही. ते व्हायला वेळ लागणार होता, हे तिला मान्य होतं.

बारा वाजता निळी गाडी गेटाबाहेर पडली आणि नाक्यावर गोदूबाईला घ्यायला थांबली. पुढे निकेतच्या शेजारी गोदूबाई, नवं लुगडं नेसून, मांडीवर लाल फडक्यातला देव. मागे लहान मुलांच्या सीटमध्ये पट्टे दोनदा तपासून बसवलेली सान्वी, आणि तिच्या बाजूला अंग चोरून संचिता. पहिल्यांदाच.

राईत तिवरांपाशी गाडी थांबली. बांधाचा उरलेला तुकडा खरंच दहा पावलांचा होता. रघू तिथे आधीच येऊन उभा होता, मान खाली घालून. आईने त्याच्याकडे न बघता देव त्याच्या हातात दिला. त्याने तो बांधावर ठेवला. गोदूबाईने पदराच्या गाठीतून मीठ सोडलं, चिमूटभर सान्वीच्या तळव्यावर दिलं, आणि सान्वीने ते अगदी मन लावून दगडापुढे ओतलं. संचिताने तिचा हात धरला नाही.

परतताना गाडी हलकी वाटत होती. पहिला स्पीडब्रेकर आला. निकेतने वेग कमी केला, रेडिओ बंद केला, कान पुढे केले. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली.

काही नाही.

मग मागून, अगदी हुबेहूब, सान्वी म्हणाली, "टक."

"बरं केलंस बाळा," निकेत म्हणाला. "चुकल्यासारखं वाटत होतं."